धागा: स्फुरदाचं चक्र वर्गात कसं शिकवावं? खेळ, प्रयोग आणि आपली काळी माती (नववी ते बारावी)

तापीकाठ

राम राम मंडळी.

नववीच्या 'परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह' या धड्यात कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन ही वायुचक्रं सविस्तर आहेत, खडक-गाळातून फिरणाऱ्या अवसादन चक्राचा मात्र ओझरता उल्लेख. बारावीला जीवशास्त्रात फॉस्फरसचं, म्हणजे स्फुरदाचं, चक्र येतं तेव्हा मुलं गोल आकृती पाठ करतात: खडक, माती, वनस्पती, प्राणी, परत माती. त्यातून दोन गैरसमज पक्के होतात. पहिला, नायट्रोजनसारखं स्फुरदही हवेतून मिळत असणार. दुसरा, ते सारखं फिरत असतं.

खरं चित्र उलटं आहे. स्फुरदाला हवेत नाव घेण्याजोगं वायुरूप नाही. वाऱ्याबरोबर जातं ते धूळ म्हणून. आणि फिरण्यापेक्षा ते अडकून बसण्यातच जास्त काळ घालवतं: खडकात, मातीच्या कणांवर, चुनखडीत, धरणाच्या गाळात, समुद्राच्या तळाशी. हे 'अडकणं' मुलांच्या हाताला आणि डोळ्यांना कळेल असे पाठ इथे जमवू या. खान्देशात हे शिकवायला सोपं जायला हवं, कारण चुनखडीची काळी जमीन, तापी-गिरणा, कपाशी, केळी सगळं शाळेच्या दारातच आहे. नुसत्या कल्पना नकोत, मापं आणि कुठे फसतं तेही लिहा.

प्रयोगवही

खेळापासून सुरुवात करा. ४० मुलांचा वर्ग, प्रत्येक मूल म्हणजे स्फुरदाचा एक अणू. मैदानात चुन्याने नऊ चौकोन आखा: खडक, मातीत अडकलेलं, मातीतल्या पाण्यात विरघळलेलं, पीक, जनावर-माणूस, शेणखत-कुजवण, बाजार, नदी-धरण, समुद्रतळ.

सुरुवातीची वाटणी: खडकात १०, मातीत अडकलेले १८, विरघळलेले २, पिकात ४, जनावरात २, शेणखतात २, नदीत २. बाजार आणि समुद्रतळ रिकामे.

प्रत्येक फेरीला प्रत्येकाने एकदा फासा टाकायचा. नियम फळ्यावर लिहा:

खडक: दोन फासे टाका, दोन्ही ६ आले तरच 'अडकलेलं' मध्ये जा.
अडकलेलं: ६ आला तर विरघळलेलं. १ आला तर नाणं उडवा, छापा पडला तर धूप होऊन नदीत. बाकी आकड्यांना जागच्या जागी.
विरघळलेलं: १ ते ३ परत अडकलं, ४ ते ६ पिकात.
पीक: १-२ जनावरात, ३-४ शेणखत-कुजवणीत, ५-६ बाजारात.
जनावर: १ ते ५ शेणखतात, ६ बाजारात.
शेणखत: १-२ विरघळलेलं, ३ ते ६ अडकलेलं.
नदी-धरण: १ ते ४ गाळात बसून राहा, ५-६ समुद्रतळ.
समुद्रतळ आणि बाजार: बाहेर पडायला वाट नाही.

२० फेऱ्या पुरतात, साधारण अर्धा तास. प्रत्येकाच्या हातात एक कार्ड, कुठल्या फेरीला कुठे होतो ते लिहीत जायचं. शेवटी 'किती फेऱ्या कुठे गेल्या' याचा स्तंभालेख काढायचा. 'अडकलेलं' हा स्तंभ सगळ्यांत उंच येतो, आणि आकृतीतला गोल बाण मुलं आपणहून खोडून काढतात.

फसतं ते फाशाच्या नियमांत. सगळ्या चौकोनांना सारखी शक्यता दिली की मुलं छान गोल गोल फिरतात आणि जो गैरसमज काढायचा तोच घट्ट होतो. खडकातली मुलं मात्र कंटाळतात, म्हणून फेऱ्या मोजणं आणि फळ्यावर नोंद ही कामं त्यांच्याकडे द्या.

निंबोळी

सर, समुद्रतळावरून अजिबातच सुटका नाही का? मुलं हटकून विचारतील.

प्रयोगवही

ताई, तो प्रश्न यावा म्हणूनच वाट ठेवलेली नाही. तळाचा गाळ कठीण होऊन खडक बनतो आणि भूकवचाच्या हालचालींनी तो खडक वर येतो. त्याला लाखो-कोट्यवधी वर्षं लागतात. २० फेऱ्यांत ते बसवायला गेलात तर काळाचं प्रमाण पार बिघडतं. प्रश्न आला की तिथेच थांबून सांगा: फॉस्फेटच्या खाणी म्हणजे बहुतांशी असेच जुने सागरी थर. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत. आपल्या देशात राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटडा आणि आपल्या शेजारी मध्य प्रदेशात झाबुआ भागात रॉक फॉस्फेट निघतं, पण देशाची गरज भागत नाही, म्हणून आयात.

दुसरा डाव खेळताना दर पाचव्या फेरीला 'खताची गोणी' येते: खडकातली दोन मुलं फासा न टाकता थेट 'विरघळलेलं' मध्ये. तिसऱ्या डावात बांधबंदिस्ती: धुपीसाठी लागोपाठ दोनदा छापा पडायला हवा. तिन्ही डावांचे आलेख शेजारी लावा.

काळी_रेगूर

खेळ उत्तम. पण 'अडकतं' म्हणजे नेमकं काय होतं हे परीक्षानळीत दिसायला हवं. हा प्रयोग आठवीलाही जमतो.

पानटपरीवरचा खायचा चुना एक चमचा घ्या, एक लिटर पाण्यात ढवळा, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी वरची निवळी हलकेच काढा. कृषी सेवा केंद्रातून ०:५२:३४ हे विद्राव्य खत आणा. ठिबकवाल्यांकडे हमखास असतं, केळीवाल्या गावात तर कुणाच्याही घरी मिळेल. हे जवळजवळ शुद्ध मोनो पोटॅशियम फॉस्फेट आहे. ४.४ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवलं की लिटरला १००० मिलिग्रॅम स्फुरद असलेलं द्रावण तयार. हे द्रावण जपून ठेवा, पुढच्या सगळ्या प्रयोगांना हेच लागेल.

५० मिली निवळीत हे १० मिली टाका. क्षणात पांढरं धुकं येतं, दहा मिनिटांत साका तळाशी बसू लागतो. तो कॅल्शियम फॉस्फेट. शेजारी दुसऱ्या नळीत निवळीत नुसतं पाणी टाकून ठेवा, ते स्वच्छ राहायला हवं. आता साक्यावर १० मिली पांढरं व्हिनेगर ओता आणि हलवा: साका विरघळतो. मुळं आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून हेच करतात. पेरणीआधी पीएसबी (याच जिवाणूंचं) संवर्धक किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम चोळतात त्यामागे हेच आहे.

दोन सूचना. मुलांना नळीत तोंडाने फुंकू देऊ नका. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडनेही निवळी पांढरी होते आणि गोंधळ उडतो. दुसरं, डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट खत) वापरू नका. त्याच्या दाण्यांवरच्या लेपाने द्रावण गढूळ होतं, आणि चुन्याशी गाठ पडली की अमोनियाचा भपकारा येतो, डोळे चुरचुरतात. अकरावी-बारावीला तो वास मुद्दाम दाखवायचा असेल तर व्हरांड्यात, एकाच नळीत.

सातपुडा

लई भारी शे भाऊ! एक विचारतो. आपल्याकडे सगळे म्हणतात, टाकलेलं स्फुरद जमिनीत अडकलं म्हणजे वाया गेलं. मुलांनाही तसंच सांगायचं का?

काळी_रेगूर

नाही दादा. पहिल्या पिकाला साधारण १५ ते २० टक्केच लागू पडतं हे खरं, पण उरलेलं नाहीसं होत नाही. ते मुदत ठेवीत गेलेलं असतं: आज हवं तेव्हा मिळत नाही, पुढच्या हंगामांत थोडं थोडं सुटतं. खरं वाया जातं ते मातीसकट वाहून गेलेलं. म्हणून खेळात 'अडकलेलं' आणि 'नदी' हे दोन चौकोन वेगळे आहेत, आणि वर्गात तो फरक ठासून सांगायला हवा.

आपल्या जमिनीत हे जास्त का होतं, तेही सांगा. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेली माती, सामू (पीएच) साधारण ७.५ ते ८.५, चुनखडी भरपूर. अशा जमिनीत स्फुरद कॅल्शियमला धरतं. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ते लोह आणि ॲल्युमिनियमला धरतं. अडकतं दोन्हीकडे, धरणारा वेगळा.

गिरणाकाठ

आता मोजमापाचं बघू. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत निळ्या रंगाची चाचणी सहज होते: स्फुरद जितकं जास्त तितका निळा रंग गडद. मिश्र अभिकर्मक १०० मिली असा:

५ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ५० मिली (७० मिली संहत आम्ल, एकूण ५०० मिली)
पोटॅशियम अँटिमोनिल टार्ट्रेट ५ मिली (१.३७ ग्रॅम, ५०० मिलीत)
अमोनियम मॉलिब्डेट १५ मिली (२० ग्रॅम, ५०० मिलीत)
ॲस्कॉर्बिक आम्ल ३० मिली (१.७६ ग्रॅम, १०० मिलीत)

याच क्रमाने, प्रत्येक वेळी हलवून. आम्ल पाण्यात टाकायचं, पाणी आम्लात नाही, आणि हे काम फक्त शिक्षकांनी करायचं. मिश्रण चारेक तास टिकतं, म्हणून तासाच्या दिवशीच करा. ५० मिली नमुन्याला ८ मिली लागतं, म्हणजे १०० मिलीत बारा नळ्या होतात. रंग १० मिनिटांनी वाचायचा, ३० मिनिटांच्या आत.

रंगपट्टी: वरच्या १००० च्या द्रावणातलं १० मिली घेऊन एक लिटर करा, ते झालं लिटरला १० मिलिग्रॅम. त्यातलं ०, ०.५, १, २.५ आणि ५ मिली घेऊन प्रत्येकी ५० मिली करा. लिटरला ०, ०.१, ०.२, ०.५ आणि १ मिलिग्रॅमच्या नळ्या तयार. पांढऱ्या कागदावर नेसलर नळ्या (सपाट तळाच्या उंच काचनळ्या) उभ्या ठेवून वरून खाली बघायचं. बाजूने बघितलं तर ०.१ आणि ० यांत फरक कळत नाही, वरून मात्र कळतो.

चुका कुठे होतात? कोऱ्या (० च्या) नळीलाच निळा रंग आला तर भांडी धुण्याची पावडर हे पहिलं कारण. पुष्कळ पावडरींत फॉस्फेट असतं. काच विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. बोअरचं पाणी वापरू नका, आपल्याकडचं पाणी जड आहे. ॲस्कॉर्बिक आम्लासाठी औषधाच्या दुकानातल्या 'क' जीवनसत्त्वाच्या नारिंगी गोळ्या चालत नाहीत, त्यांचाच रंग उतरतो.

प्रयोगवही

गिरणाकाठ सरांच्या चाचणीवर थेट 'अडकण्याचा' प्रयोग बसतो. तीन बाटल्या: धुतलेली तापीची वाळू १० ग्रॅम, काळी माती १० ग्रॅम, आणि तिसरी नुसती, मातीशिवाय. प्रत्येकीत लिटरला १० मिलिग्रॅमचं स्फुरद द्रावण १०० मिली. अर्धा तास हलवा, गाळा. गाळलेलं ५ मिली घेऊन ५० मिली करा आणि रंग आणा. काहीच अडकलं नसेल तर रंग १ मिलिग्रॅमच्या नळीइतका गडद यायला हवा. मातीशिवायची बाटली तशी येते, वाळूची तिच्या आसपास, काळ्या मातीची फिकी पडते. फरकाला १० ने गुणा (आपण दहापट पातळ केलं होतं), मग १०० मिलीचा हिशेब लावून १० ग्रॅम मातीने किती मिलिग्रॅम धरलं ते मुलांनाच काढू द्या.

काळ्या मातीचा गाळलेला द्रव गढूळ येतो, चिकणमाती गाळणीतून उतरते. तिन्ही बाटल्यांच्या द्रावणात आधीच लिटरला १.४७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट टाका, कण गोळा होतात आणि द्रव नितळ निघतो. वाळूत चुनखडीचे खडे असतील तर वाळूही स्फुरद धरते. व्हिनेगरचा थेंब टाकून फसफसते का ते आधी बघा.

निंबोळी

आणि शेतातल्या मातीत पिकाला मिळण्याजोगं स्फुरद किती, हे मोजायचं असेल तर? मुलं घरून मातीचे नमुने आणतात.

गिरणाकाठ

त्याला ओल्सेन पद्धत. १९५४ पासून चालत आलेली, आणि चुनखडीच्या जमिनीला हीच लागते. सोडियम बायकार्बोनेट ४२ ग्रॅम एका लिटरमध्ये, सामू ८.५ वर आणलेला. सावलीत वाळवून २ मिमीच्या चाळणीतून काढलेली माती २.५ ग्रॅम, द्रावण ५० मिली, फॉस्फरसमुक्त कोळशाची भुकटी अर्धा-एक ग्रॅम. ३० मिनिटं हलवा, गाळा.

१० मिली अर्क घ्या आणि त्यात ५ नॉर्मल आम्ल १ मिली थेंबाथेंबाने टाका. जोरात फसफसतं, म्हणून मोठ्या तोंडाचं भांडं. फेस थांबला की २५ मिली करा आणि ४ मिली अभिकर्मक घाला. रंगपट्टीच्या नळ्याही २५ मिलीच्याच घ्या, आणि त्यांतही १० मिली बायकार्बोनेट नि तेवढंच आम्ल घाला, नाहीतर तुलना चुकते. रंगपट्टीवरचा आकडा गुणिले ११२ केलं की हेक्टरी किलो स्फुरद. म्हणजे ०.१ ला ११, ०.२ ला २२. ढोबळमानाने १० च्या खाली कमी, १० ते २५ मध्यम, वर भरपूर.

इथे खान्देशातली खास अडचण तापमानाची. ही पद्धत २५ अंशाला बसवलेली आहे, उष्णता वाढली की अर्कात जास्त स्फुरद उतरतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चाळीस अंशाच्या खोलीत केलेल्या चाचणीत कमी स्फुरदाची जमीनही मध्यम दिसू शकते. हिवाळ्यात करा. ते जमत नसेल तर सगळे नमुने एकाच वेळी, सकाळी, आणि निकाल फक्त एकमेकांशी तुलना करायला वापरा. खताचा निर्णय शाळेतल्या आकड्यावर नको, त्यासाठी माती परीक्षण प्रयोगशाळा आहे.

आणखी एक जागा. कोळशाच्या भुकटीतच स्फुरद असतं, स्वस्तातल्या भुकटीत जास्तच. मातीशिवायची एक बाटली संपूर्ण पद्धतीतून काढा. तिला निळा रंग आला तर भुकटी बदला.

तापीकाठ

फारच उपयोगी, सर. नदीचा भाग कसा दाखवायचा? हतनूर धरणाचा गाळ मुलांना माहीत आहे, तिथून जोडता येईल.

काळी_रेगूर

ट्रे घ्या. २० लिटरचा प्लास्टिकचा कॅन उभा कापून दोन ट्रे होतात. दोन्हींत सारखी माती भरा, एका टोकाखाली वीट ठेवून उतार द्या, दुसऱ्या टोकाला भोक आणि खाली बाटली. एक ट्रे उघडा, दुसऱ्यावर गहू किंवा मेथी पेरून दहा-बारा दिवस वाढवलेली. प्रत्येकी २ लिटर पाणी झारीने, सारख्या उंचीवरून आणि सारख्या वेळात.

आता महत्त्वाचं. मुलं बाटलीतलं पाणी गाळून नितळ पाण्याची निळी चाचणी घेतात, रंग फिका येतो, आणि निष्कर्ष निघतो की स्फुरद वाहून गेलंच नाही. खरं स्फुरद गाळणीवर राहिलेल्या चिखलात आहे. गाळणी वाळवून गाळाचं वजन करा आणि त्याच गाळातल्या २.५ ग्रॅमची ओल्सेन चाचणी घ्या. उघड्या ट्रेमधून गाळच कितीतरी जास्त आलेला असतो. वरचा सुपीक, बारीक कणांचा थर आधी जातो, आणि स्फुरद त्याच कणांना चिकटलेलं असतं.

मग नकाशा काढा. तापी मुलताईजवळ उगम पावते, ७२४ किलोमीटर वाहून सुरतेजवळ खंबातच्या आखाताला मिळते. वाटेत हतनूर, पुढे उकाई. ट्रेतला चिखल कुठे थांबेल, कुठे पुढे जाईल, ते मुलांना नकाशावर खुणा करून सांगू द्या. फाशाच्या खेळातला 'नदी-धरण' चौकोन तेव्हा त्यांना नीट कळतो.

सातपुडा

धरणाच्या पाण्यावर हिरवी साय येते, तेही यात बसेल ना?

गिरणाकाठ

अगदी. एक लिटरच्या चार पारदर्शक बाटल्यांत तळ्याचं पाणी भरा. नळाचं नको, क्लोरिनने शेवाळ मरतं. पहिली तशीच. दुसरीत नत्र: २.१७ ग्रॅम युरिया एक लिटरमध्ये विरघळवून त्यातलं १० मिली. तिसरीत स्फुरद: ०:५२:३४ च्या मूळ द्रावणातलं १ मिली. चौथीत दोन्ही. उजेडात ठेवा, पण आपल्या उन्हात थेट नको, बाटली तापून सगळंच मरतं. तोंडाला मलमलीचं फडकं रबराने घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास होईल. दर दोन दिवसांनी बाटलीखाली काळी फुली काढलेला कागद ठेवून वरून फुली किती स्पष्ट दिसते ते नोंदवा. दहा-पंधरा दिवसांत फरक कळतो.

कुठली बाटली सर्वांत हिरवी होईल हे तळ्याच्या पाण्यात आधीपासून काय आहे त्यावर ठरतं, म्हणून उत्तर आधी सांगू नका. सोबत कॅनडातल्या सरोवर क्रमांक २२६ चा प्रयोग सांगा. १९७३ साली त्या सरोवराच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नत्र दिलं, स्फुरद एकाच बाजूला. ती बाजू शेवाळाने हिरवी झाली. वरून काढलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे.

निंबोळी

मी एक पाठ जोडते, यात रसायन काहीच लागत नाही: एकराचा ताळेबंद. डीएपीची ५० किलोची गोणी म्हणजे १८:४६ (१८ टक्के नत्र, ४६ टक्के 'पी टू ओ फाइव्ह', म्हणजे फॉस्फरसचं ऑक्साइड), त्यात २३ किलो 'पी टू ओ फाइव्ह'. मुलं २३ किलो स्फुरद लिहितात. ०.४४ ने गुणायचं, म्हणजे सुमारे १० किलो. सिंगल सुपर फॉस्फेट १६ टक्के, गोणीत ८ किलो, म्हणजे साडेतीन किलो स्फुरद.

आता बाहेर काय गेलं? दहा क्विंटल कापूस निघाला तर साधारण एक तृतीयांश रुई, बाकी सरकी. रुई म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोज, तिच्यात स्फुरद नगण्य. ते सरकीत असतं, सुमारे ०.६ टक्के, म्हणजे साडेसहाशे किलो सरकीत चार किलोच्या आसपास. सरकीची ढेप झाली आणि गावातल्या म्हशीने खाल्ली की ते शेणातून परत शेतात येतं. ढेप बाहेर विकली गेली तर गावाबाहेर गेलं. रुईची गाठ सूतगिरणीपर्यंत जाते, पण स्फुरद तिच्यासोबत जात नाही. मुलांना हे फार आवडतं. केळीच्या १०० ग्रॅम गरात स्फुरद २२ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम साडेतीनशेच्या वर. केळीचा ट्रक मुख्यतः पालाश घेऊन जातो.

काळी_रेगूर

ताई, यात पऱ्हाट्या जाळण्याचाही मुद्दा घ्या. जाळल्या की नत्र बहुतेक हवेत जातं, स्फुरद मात्र मुख्यतः राखेत राहतं. 'हवेत वायुरूप नाही' हे वाक्य मुलांना इथे पटतं. पण राख बांधावरच उडाली तर ते शेताला मिळत नाही, आणि नत्र, सेंद्रिय कर्ब गेलाच. तेव्हा याचा अर्थ जाळायला हरकत नाही असा कुणी लावू नये, हे त्याच तासाला सांगा.

तापीकाठ

आठवड्याचा क्रम असा धरतो: आधी चुन्याची निवळी, मग खेळाचे तीन डाव, ट्रे, ताळेबंद, आणि ओल्सेन फक्त अकरावी-बारावीला. बाटल्या पहिल्याच दिवशी मांडायच्या म्हणजे पुढे निरीक्षण चालू राहील. एकच राहिलं: निळ्या चाचणीचं उरलेलं द्रावण कुठे टाकायचं?

गिरणाकाठ

बेसिनमध्ये नाही आणि झाडांना तर मुळीच नाही. त्यात अँटिमनी आहे आणि आम्लही. झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवा, वर 'आम्ल, मॉलिब्डेट, अँटिमनी' अशी चिठ्ठी आणि तारीख लावा. झाकण पूर्ण घट्ट करण्याआधी खायचा सोडा थोडा थोडा टाकून फसफस थांबेपर्यंत उदासीन करा, एकदम टाकला तर कॅन फुगतो. मग महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्यासोबत द्या. चुन्याची निवळी, व्हिनेगर आणि बाटल्यांमधलं हिरवं पाणी मात्र शाळेच्या बागेत ओतलं तरी चालतं.